विश्लेषण : घरच्या संगणकात ‘रॅम डिस्क’ किती उपयोगाची? सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?

घरात संगणक एकच आणि त्यावर कामे सगळ्यांची, अशी स्थिती उरणमधल्या अनेक घरांत आहे. मुलांचे इंजिनीअरिंगचे प्रोजेक्ट, न्हावा शेवा बंदराशी संबंधित आयात-निर्यातीची कागदपत्रे आणि लग्नसराईत फोटो-व्हिडीओंचे एडिटिंग असे सगळे त्याच संगणकावर चालते. अशा वेळी संगणक रेंगाळू लागला की कामच अडते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरी चिपचे भाव जगभर वाढले. ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तो व्यवसाय बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे नवा संगणक घेणे किंवा आहे त्यात रॅम वाढवणे, दोन्ही खर्चिक झाले आहे.

अशा वेळी ‘रॅम डिस्क’ हा जुना उपाय पुन्हा चर्चेत येतो. संगणकात आधीच असलेल्या रॅमचा काही भाग डिस्कसारखा वापरा आणि फुकटात वेग वाढवा, असा त्यामागचा दावा. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजून न घेतल्यास दिवसभराचे काम एका क्षणात जाऊ शकते.

रॅम डिस्क म्हणजे नेमके काय?

संगणकात दोन प्रकारच्या जागा असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे कपाट समजा. त्यात ठेवलेली वस्तू लाइट गेली तरी तिथेच राहते. रॅम म्हणजे कामाचे टेबल. हाताशी लागणारे सगळे त्यावर पसरलेले असते, पण संगणक बंद झाला की टेबल रिकामे होते.

रॅम डिस्कचे सॉफ्टवेअर या टेबलाचा एक कोपरा अडवते आणि विंडोजला ‘ही एक डिस्क आहे’ असे सांगते. मग ‘धिस पीसी’मध्ये सी आणि डी यांच्याशेजारी आणखी एक ड्राइव्ह दिसू लागतो. त्यात फाइल ठेवता येते, फोल्डर करता येतो, प्रोग्रामही बसवता येतो. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. मात्र आतली प्रत्येक गोष्ट रॅममध्ये असते आणि वीज असेपर्यंतच टिकते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. एमएस-डॉसच्या काळात ‘रॅमड्राइव्ह’ नावाची फाइल ऑपरेटिंग सिस्टीमसोबतच मिळत असे. विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी लावली की ती आधी रॅममध्ये छोटा ड्राइव्ह तयार करायची आणि दुरुस्तीची साधने त्यात उलगडायची. त्या काळात संगणकदुरुस्ती केलेल्यांना हे नक्की आठवेल. आजही पेनड्राइव्हवरून विंडोज इन्स्टॉल करताना जो ‘एक्स’ ड्राइव्ह दिसतो, तो रॅम डिस्कच असतो.

लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे. तिथे तिला ‘टीएमपीएफएस’ म्हणतात आणि वेगळे काही सांगितले नाही तर तिची कमाल मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते. मॅकमध्येही टर्मिनलमधून आज्ञा देऊन रॅम डिस्क बनवता येते. सामान्य वापरकर्त्याला हाताळता येईल असे साधन विंडोजमध्ये मात्र दिलेले नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न मुख्यतः विंडोजवाल्यांपुढेच येतो.

वेगात फरक किती पडतो?

साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते. चांगली एनव्हीएमई एसएसडी ३,५०० एमबीपर्यंत आणि त्यापुढच्या पिढीतली ७,००० एमबीपर्यंत पोहोचते. ‘डीडीआर४-३२००’ रॅमच्या एका चॅनेलची कागदावरची क्षमता सेकंदाला २५.६ जीबी आहे.

फाइल शोधायला लागणाऱ्या वेळेतला फरक याहून मोठा आहे. हार्ड डिस्कची फिरती तबकडी योग्य जागी येईपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाएवढा वेळ लागतो आणि रॅमला त्याहून हजारपट कमी. त्यामुळे हजारो लहान फाइलींच्या कामात रॅम डिस्क खरोखर पुढे असते.

मात्र हे आकडे सुट्या भागांचे आहेत. रॅम डिस्कवरची फाइलसुद्धा विंडोजच्या फाइल सिस्टीममधून आणि सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरमधून जाते. त्यामुळे रॅमचा पूर्ण वेग हाती येत नाही.

मग संगणक तितक्याच पटीने वेगवान होतो का?

नाही. गल्लत नेमकी इथे होते. समजा, एका व्हिडीओचे एक्स्पोर्ट व्हायला १० मिनिटे लागतात. त्यातला डिस्कवरून वाचण्याचा आणि लिहिण्याचा वेळ १५ सेकंद असेल, तर बाकीची ९ मिनिटे ४५ सेकंद प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड राबत असतात. रॅम डिस्कने ते १५ सेकंद शून्यावर आणले तरी एकूण वेळेत दखल घ्यावी असा फरक पडणार नाही. चाचणीच्या ॲपमध्ये आकडे डोळे दिपवतील, घड्याळात मात्र काही दिसणार नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मोकळी रॅम विंडोज वाया जाऊ देत नाही. नुकत्याच उघडलेल्या फाइलींची प्रत ती त्या रॅममध्ये राखून ठेवते. म्हणून एखादा प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडताना लवकर उघडतो. म्हणजेच रॅम डिस्कचे निम्मे काम ऑपरेटिंग सिस्टीम आपणहून करत असते. शिवाय एखाद्या प्रोग्रामला जास्त रॅम लागली तर ती ही जागा लगेच सोडून देते. रॅम डिस्कसाठी कायमची अडवलेली जागा अशी सुटत नाही.

८ जीबी रॅमच्या संगणकात ४ जीबीची रॅम डिस्क केली, तर उरलेल्या ४ जीबीत विंडोज आणि ब्राउझर दोघांनाही दाटीवाटीने बसावे लागते. जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या ‘पेजफाइल’मध्ये हलवू लागते आणि संगणक आधीपेक्षा मंदावतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

किती रॅम असेल तर विचार करावा?

याचे उत्तर आपल्याच संगणकावर मिळते. रोजचे सगळ्यात जड काम सुरू करा, ब्राउझरचे नेहमीचे टॅब उघडे ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेल्यावर ‘अव्हेलेबल’ असा आकडा दिसेल. त्यातून किमान २ ते ३ जीबी राखीव म्हणून वजा करा. जे उरेल, ती रॅम डिस्कची कमाल मर्यादा.

८ जीबीच्या संगणकात बहुतेक वेळा काहीच उरत नाही. १६ जीबीत २ ते ४ जीबी मिळू शकतात. ३२ जीबी असतील तर ८ जीबी बाजूला काढता येतात. हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकात तर पहिला खर्च रॅम डिस्कच्या विचारापेक्षा साटा एसएसडीवर करणे शहाणपणाचे. त्याने संगणक सुरू होण्यापासून सगळेच बदलते आणि लाइट गेली तरी सेव्ह केलेली फाइल जागेवर राहते.

लाइट गेली तर काय होते?

रॅम डिस्कवरचे सगळे जाते. रिसायकल बिनमध्ये शोधून उपयोग नाही. डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात नेऊनही उपयोग नाही. हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल काही वेळा परत मिळते, रॅमच्या बाबतीत तशी आशा ठेवता येत नाही.

उरणच्या किनाऱ्यावर हा मुद्दा पुस्तकी नाही. महानिर्मितीचे ६७२ मेगावॉटचे वायू विद्युत केंद्र तालुक्यात असले, तरी वीजनिर्मिती शेजारी आहे म्हणून घरातली लाइट जात नाही असे नसते. खांब आणि तारा वाऱ्यापावसात उभ्या असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. याच तालुक्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वीज गृहीत धरू नये, हे इथे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी म्हणूनच यूपीएस ही रॅम डिस्कची पहिली अट ठरते. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, पण ती जुनी झाली असेल तर तोही धरून चालू नये. संगणक ‘स्लीप’मध्ये असताना रॅमला वीज मिळत राहते, म्हणून रॅम डिस्क टिकते. शटडाउन केल्यावर ती जाते.

सॉफ्टवेअर डेटा सेव्ह करून देते, मग भीती कशाची?

अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज सेव्ह’ची सोय असते. संगणक बंद होताना रॅम डिस्कवरचा सगळा मजकूर मुख्य डिस्कवर एका फाइलमध्ये उतरवला जातो आणि पुढच्या वेळी परत भरला जातो. पण हे व्यवस्थित शटडाउन केले तरच. अचानक लाइट गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचे सगळे जाते.

त्याला वेळही लागतो. ८ जीबीची रॅम डिस्क सेकंदाला १२० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर उतरवायला साधारण ६८ सेकंद, तर सेकंदाला ५०० एमबी लिहिणाऱ्या एसएसडीवर सुमारे १६ सेकंद लागतील. संगणक सुरू होताना तेवढेच थांबणे पुन्हा आले. हार्ड डिस्कवाल्या संगणकात मिळवलेला वेग इथेच परत जातो.

आणखी एक खाचखळगा विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’चा. हा पर्याय सुरू असेल तर शटडाउन पूर्ण अर्थाने शटडाउन नसते आणि काही सॉफ्टवेअरचे सेव्ह करण्याचे काम चुकते. इमेज सेव्ह वापरायचे असेल तर फास्ट स्टार्टअप बंद ठेवावा.

कोणती सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत?

इमडिस्क : स्वीडिश प्रोग्रामर ओलोफ लागेरक्विस्ट यांनी लिहिलेला हा मोफत आणि मुक्त स्रोत ड्रायव्हर अनेक वर्षे सर्वाधिक सुचवला जात असे. त्यावर आधारित ‘इमडिस्क टूलकिट’मध्ये गरजेपुरतीच रॅम घेणारी आणि फाइल पुसल्यावर ती परत करणारी ‘डायनॅमिक’ रॅम डिस्क करता येते. मात्र हा ड्रायव्हर जुन्या रचनेचा आहे आणि नव्या विंडोजच्या काही भागांशी त्याचे जुळत नाही. खुद्द लागेरक्विस्ट यांनीच नव्या वापरकर्त्यांना दुसरा पर्याय सुचवला आहे.

आर्सेनल इमेज माउंटर आणि एआयएम टूलकिट : तो दुसरा पर्याय हाच. यात रॅम डिस्क विंडोजला खऱ्या डिस्कसारखी दिसते, त्यामुळे इतर प्रोग्रामशी खटके कमी उडतात. आर्सेनल हे मुळात डिजिटल फॉरेन्सिकचे साधन असल्याने त्याचा चेहरा घरगुती वापरकर्त्याला थोडा परका वाटू शकतो. टूलकिटने ती अडचण बरीच कमी होते.

ओएसएफमाउंट : पासमार्क कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर. आकार सांगितला की रॅम डिस्क तयार. रॅम डिस्क म्हणजे काय, हे एकदा करून पाहायचे असेल तर इथून सुरुवात सोपी. रोज आपोआप भरणारी आणि सेव्ह होणारी डिस्क हवी असेल तर ते अपुरे पडते.

सॉफ्टपरफेक्ट रॅम डिस्क : पूर्वी मोफत होते, पुढच्या आवृत्त्यांपासून पैसे मोजावे लागतात. ठरावीक वेळाने आपोआप इमेज सेव्ह करण्याची सोय आहे. जुनी मोफत आवृत्ती कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेण्याचा मोह टाळावा.

प्रायमो रॅमडिस्क : रोमेक्स कंपनीचे सशुल्क सॉफ्टवेअर, मर्यादित काळ वापरून पाहता येते. सेटिंग भरपूर आहेत. रोज मोठ्या रॅमवर काम करणाऱ्यांसाठी योग्य, अधूनमधून वापरणाऱ्याला एवढ्याची गरज नाही.

यांपैकी निवड कशी करावी?

पाच गोष्टी तपासाव्यात. पहिली, आपल्या विंडोजच्या आवृत्तीला सपोर्ट आहे का आणि अलीकडे अपडेट आले आहे का. दुसरी, ‘कोअर आयसोलेशन’मधला ‘मेमरी इंटेग्रिटी’ हा सुरक्षेचा पर्याय सुरू ठेवून ते चालते का. रॅम डिस्कसाठी हा पर्याय बंद करायला लागत असेल तर ते सॉफ्टवेअर नको. तिसरी, रॅम आधीच अडवते की गरजेनुसार घेते. १६ जीबीच्या संगणकात दुसरा प्रकार बरा. चौथी, ठरावीक वेळाने सेव्ह करते का. पाचवी, अनइन्स्टॉल केल्यावर ड्रायव्हर पूर्ण निघतो का.

केवळ वेगाच्या चाचण्यांवरून निवड करू नये. एका सॉफ्टवेअरने सेकंदाला ८ जीबी आणि दुसऱ्याने १० जीबी दाखवले, तर घरच्या कामात तो फरक कळतही नाही. संगणक निळ्या स्क्रीनवर अडकला तर तो मात्र लगेच कळतो.

डाउनलोड कुठून करता, हे इतके महत्त्वाचे का?

रॅम डिस्कचे सॉफ्टवेअर हे साधे ॲप नसते. ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर बसवते. त्या पातळीवरच्या प्रोग्रामला जवळपास संपूर्ण संगणकाचा ताबा मिळतो. ‘क्रॅक’ केलेल्या फाइलमधून काही घुसले तर अँटिव्हायरसलाही ते आवरणे कठीण जाते.

घातक सॉफ्टवेअर काय करू शकते, हे उरणच्या दारातच दिसले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली. त्याची झळ न्हावा शेवा इथल्या त्यांच्या समूहाच्या टर्मिनललाही बसली आणि कंटेनरची कामे अडली. हा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. घरच्या संगणकाला चाळीस हजार जोडीदार नसतात, पण त्यावरची बिले, आधार आणि बँकेची कागदपत्रे तितकीच मोलाची असतात. म्हणून सॉफ्टवेअर नेहमी बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

रॅम डिस्कवर काय ठेवावे, काय ठेवू नये?

कसोटी एकच. ही वस्तू आत्ता नाहीशी झाली तर चालेल का?

चालेल, त्या वस्तू ठेवाव्यात. झिप फाइल उलगडण्याची जागा, ब्राउझरची कॅश, कोड कंपाइल करताना तयार होणाऱ्या मधल्या फाइली, एडिटिंग सॉफ्टवेअरचे तात्पुरते प्रिव्ह्यू या प्रकारात येतात. मूळ प्रत दुसरीकडे असलेल्या फोटोंच्या छाटणीलाही हरकत नाही. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हजारो लहान फाइलींचा प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा बिल्ड करताना खरा फायदा दिसू शकतो. मात्र लिहिलेला कोड स्वतः एसएसडीवरच हवा.

चालणार नाही, त्या वस्तूंना तिथे जागा नाही. कॅमेऱ्याच्या कार्डातून एकदाच उतरवलेले लग्नाचे फुटेज, टॅलीचा डेटा, शिपिंग बिलाची आणि बिल ऑफ एन्ट्रीची कागदपत्रे, प्रोजेक्टचा अहवाल यांचा त्यात समावेश होतो. लग्न पुन्हा लागत नाही.

विंडोजचा ‘टेम्प’ फोल्डर रॅम डिस्कवर हलवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो सावधपणे घ्यावा. काही इन्स्टॉलर संगणक रीस्टार्ट झाल्यावर याच फोल्डरमधल्या फाइली शोधतात. त्या सापडल्या नाहीत की इन्स्टॉलेशन फसते. डिस्क लहान असेल तर मोठ्या इन्स्टॉलरला जागाही पुरत नाही. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी रॅम डिस्कवर ‘स्क्रॅच’ देण्याऐवजी सेटिंगमध्ये जाऊन तीच रॅम थेट फोटोशॉपला द्यावी. मधला द्राविडी प्राणायाम वाचतो.

एसएसडीचे आयुष्य वाढते हे खरे का?

खरे आहे, पण घरच्या वापरात त्याची गरज नसते. ५०० जीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींना ३०० टीबी लिखाणापर्यंतची हमी असते. रोज ३० जीबी लिहिले तरी तो आकडा गाठायला सुमारे २७ वर्षे लागतील. केवळ या कारणासाठी रॅम डिस्क करू नये.

गोपनीयतेचा मुद्दाही असाच अर्धा खरा. संगणक बंद झाल्यावर रॅम डिस्कवरची कागदपत्रे उरत नाहीत, हा फायदा आहे. पण ‘हायबरनेट’ केल्यास विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून ठेवते. त्यामुळे संवेदनशील कागदपत्रांसाठी डिस्कचे एन्क्रिप्शन हाच भरवशाचा मार्ग.

मग आधी काय करावे?

हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. एसएसडी आहे, पण रॅम ८ जीबी असेल तर रॅम डिस्कचा नाद सोडून सुरुवातीला आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. १६ जीबी किंवा जास्त रॅम, एसएसडी आणि यूपीएस तिन्ही असतील, तर ओएसएफमाउंटने २ जीबीची रॅम डिस्क करून पाहावी. एकच नेहमीचे काम आधी एसएसडीवर आणि मग रॅम डिस्कवर, प्रत्येकी तीन वेळा करावे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावावे. दर वेळी ठळक फरक दिसला तरच एआयएम टूलकिट किंवा सशुल्क पर्यायाकडे वळावे.

आणि कामाची फाइल सेव्ह करताना ड्राइव्हचे अक्षर एकदा पाहून घ्यावे. घाईत रॅम डिस्कवर सेव्ह झालेली फाइल लाइट जाईपर्यंत अगदी सुरक्षित दिसते.